डॅनिश यजमानांसोबत उत्तर झीलंडच्या किनाऱ्यावर एक दिवस

कोपनहेगनमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी असं आमंत्रण येतं. ऑफिसातला सहकारी, शेजारचं जोडपं किंवा मुलाच्या वर्गमित्राचे आईवडील म्हणतात, "तुमचे आईबाबा भारतातून आलेत ना? एक दिवस आमच्याबरोबर किनाऱ्याला चला." या आमंत्रणाला आवर्जून हो म्हणा. पर्यटकांच्या बसमधून हाच किनारा तीन तासांत "बघून" होतो, पण तिथल्या माणसांसोबत गेलात तर डेन्मार्क समजायला लागतो. असा दिवस कसा आखायचा, कुठे थांबायचं, जेवणाच्या टेबलावर कसं वागायचं आणि शाकाहारी माणसाने काय सांभाळायचं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. मार्ग आहे झीलंड बेटावर कोपनहेगनहून उत्तरेला, हेल्सिंग्योर आणि होर्नबेकचा. वेळ आणि ताकद असेल तर त्यापुढे गिलेलायेपर्यंत जाता येतं.

तारीख ठरवणं

डॅनिश माणसं महिनाभर आधी, कधी त्याहूनही आधी दिवस ठरवतात. "या रविवारी सहज या" असं इथे फार कमी घडतं. तारीख सांगतानाही ती आठवड्याच्या क्रमांकाने बोलतात. "आठवडा ३२ मध्ये जमेल का?" असं विचारलं तर गांगरू नका. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दाखवायची सोय असते, ती चालू करून ठेवा. जुलैत बरेच लोक सलग तीन आठवडे सुट्टीवर, बहुतेकदा स्वतःच्या नाहीतर नातलगांच्या समर हाउसमध्ये असतात. कदाचित आमंत्रण तिथलंच येईल, आणि तसं आलं तर ते सगळ्यात उत्तम.

ऋतू महत्त्वाचा. मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवस संपतो आहे असं वाटतच नाही. डिसेंबरात मात्र पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. २३ जूनला सांक्त हान्सची संध्याकाळ असते. त्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यावर होळ्या पेटतात, वर चेटकिणीची प्रतिमा ठेवलेली असते, लोक गोल करून गाणी म्हणतात. होळीच्या आसपास वाढलेल्या आपल्या आईबाबांना हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. यजमानांनी त्या दिवसाचं सुचवलं तर बाकीचे बेत बाजूला ठेवा.

बेत कसा असावा

माझं ठाम मत: एका दिवसात दोन ठिकाणं, फार तर तीन. आपल्याकडे इतक्या लांब आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ, अशी घाई असते. पण यजमानांनी तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट आहे वेळ. डॅनिश पाहुणचार पक्वान्नांच्या संख्येत मोजता येत नाही. तो दिसतो तो सबंध शनिवार मोकळा ठेवण्यात, थर्मासमध्ये भरून आणलेल्या कॉफीत, वाऱ्याच्या आडोशाला बाकडं शोधून तासभर बसण्यात. त्या तासात तुम्ही घड्याळ बघत राहिलात तर दिवस वाया गेला.

म्हणून सकाळी क्रोनबोर्गचा किल्ला, दुपारी होर्नबेकचा किनारा आणि संध्याकाळी यजमानांच्या घरी जेवण, एवढं पुरे. यादी तुम्ही करू नका. "तुम्हाला या किनाऱ्यावरचं काय सगळ्यात जास्त आवडतं, तिथे आम्हाला न्या," एवढं म्हणा. हमखास एखादी पायवाट, मासे विकणारं एखादं दुकान, आजोबांची होडी जिथे बांधलेली असायची तो धक्का, असं काहीतरी निघतं.

दोन गोष्टी मात्र आधी कळवायलाच हव्यात: कोण काय खात नाही, आणि कोणाला किती चालवतं.

खाण्याबद्दल आधी काय कळवायचं

"शाकाहारी" म्हटल्यावर काही यजमान मासे चालतील असं धरून चालतात. म्हणून स्पष्ट लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं किंवा चालत नाही, दूध-लोणी-चीज चालतं. गोमांस किंवा डुकराचं मांस टाळायचं असेल तर तेही. डॅनिश जेवणात डुकराचं मांस सर्रास असतं. पावावर लावायचं लेवरपोस्टाय हे डुकराच्या लिव्हरचं असतं, आणि फ्रिकाडेलर नावाचे तळलेले गोळे बहुधा डुकराच्या आणि वासराच्या खिम्याचे असतात. दुकानात लेबल वाचताना ओक्सेक्योड म्हणजे गोमांस, स्वीनेक्योड म्हणजे डुकराचं मांस, क्युलिंग म्हणजे कोंबडी, फिस्क म्हणजे मासा, रायर म्हणजे कोळंबी. गोड पदार्थांत हुसब्लास शब्द दिसला तर त्यात जिलेटिन आहे, ते प्राण्यांपासून बनतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

असं कळवल्याने कोणी दुखावत नाही. उलट टेबलावर आयत्या वेळी "हे मी खात नाही" म्हणालात तर यजमानांना मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी मोजून केलेलं असतं.

काय न्यायचं

जुलैतही सोबत वाराप्रतिबंधक जॅकेट हवंच. किनाऱ्यावर वारा थांबत नाही, ऊन असलं तरी. आईंनी साडी नेसायची ठरवली असेल तर खाली लेगिंग आणि पायात पट्ट्याचे बूट असू द्या. किल्ल्याची फरसबंदी उंचसखल आहे आणि वाळूत चप्पल फसते. पोहण्याचे कपडे आणि मोठा टॉवेल घ्या, पोहायचं नसलं तरी, कारण पाणी बघून मन बदलतं.

यजमानांसाठी भेट साधी असावी. फुलं, चांगलं चॉकलेट, वाइनची बाटली हे इथले सर्वमान्य प्रकार. महागड्या वस्तू नकोत. त्यांना परतफेडीचं ओझं वाटतं. माझी सूचना घरच्या श्रीखंडाची. इथल्या घट्ट दह्याचा किंवा स्कीर नावाच्या दह्यासारख्या पदार्थाचा चक्का सुंदर लागतो, आणि वेलची डॅनिश बेकरीतही वापरतात, त्यामुळे तो वास त्यांच्या ओळखीचा असतो. डबा परत मिळेल का याची चिंता नको. धुऊन, पुसून मिळतोच.

कोपनहेगनहून निघणं

यजमानांची गाडी असेल तर त्यांना स्ट्रांडवायने, म्हणजे समुद्राकडेच्या जुन्या रस्त्याने जायला सांगा. महामार्ग लवकर पोहोचवतो, पण डोळ्यांना काही देत नाही. वाटेत आर्ने याकोबसेन या वास्तुरचनाकाराचं काम एकामागोमाग एक दिसतं: स्कोव्हसहोव्हेडचा छत्रीसारख्या गोल छताचा पांढरा पेट्रोल पंप, क्लाम्पेनबोर्गच्या बेलेव्यू किनाऱ्यावरचे निळ्या पट्ट्यांचे जीवरक्षकांचे मनोरे, आणि रस्त्यापलीकडची प्रत्येक घरातून समुद्र दिसावा अशी मागेपुढे सरकवत बांधलेली पांढरी घरं. पुढे रुंगस्टेडला लेखिका कारेन ब्लिक्सन यांचं घर आहे. १९९१ पासून ते संग्रहालय आहे, आणि मागच्या बागेत एका बीच वृक्षाखाली त्यांची समाधी आहे.

ट्रेनने जायचं असेल तर १८९७ साली सुरू झालेली किनारी रेल्वे कोपनहेगनच्या मुख्य स्थानकातून साधारण पाऊण तासात हेल्सिंग्योरला पोहोचवते. जाताना उजवीकडची खिडकी धरा, झाडी-घरांमधून अधूनमधून समुद्र दिसतो. पाहुण्यांसाठी सगळ्यात सोपं तिकीट म्हणजे सिटी पास लार्ज. ते पूर्ण राजधानी परिसरात चालतं, होर्नबेक आणि गिलेलायेच्या छोट्या गाडीतही. एका प्रौढासोबत १२ वर्षांखालची दोन मुलं फुकट जातात. बघायची ठिकाणं जास्त असतील तर कोपनहेगन कार्डाचा हिशेब करून बघा, त्यात प्रवास आणि बरीच संग्रहालयं दोन्ही येतात.

वेळेबद्दल स्पष्टच सांगतो. नऊला भेटायचं म्हणजे नऊला. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी मेसेज करा. घरी बोलावलं असेल तर दहा मिनिटं आधी बेल वाजवणंही बरं दिसत नाही. कोपऱ्यावर थांबा, वेळेवर जा.

भेटल्यावर हात मिळवायचा, नाव सांगायचं, प्रत्येकाशी, लहान मुलांशीसुद्धा. डॅनिश लोक वयाने कितीही मोठ्या माणसाला थेट नावाने हाक मारतात. आईबाबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तिशीतला मुलगा आपल्याला नावाने बोलावतो आहे याचं त्यांना वाईट वाटणार नाही. त्यात अनादर अजिबात नसतो.

सकाळ: क्रोनबोर्ग

हेल्सिंग्योर स्थानकातून बाहेर पडलं की किल्ला समोरच दिसतो. चालत साधारण पंधरा मिनिटं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं एल्सिनोर ते हेच, आणि बहुतेक पाटीवर तेच लिहिलेलं असतं. पण यजमानांसोबत आला आहात तर आधी तटावर जा आणि समोरच्या पाण्याकडे बघा. पलीकडे स्वीडनचं हेल्सिंगबोर्ग, अंतर सुमारे चार किलोमीटर. बाल्टिक समुद्रात जाणारी-येणारी बहुतेक जहाजं शेकडो वर्षं याच चिंचोळ्या सामुद्रधुनीतून गेली, आणि त्यांना इथे थांबून डेन्मार्कच्या राजाला जकात द्यावी लागे. १४२९ पासून १८५७ पर्यंत ही जकात चालू होती. पुढेपुढे ती मालाच्या किमतीवर आकारत. किंमत कप्तानाने स्वतः सांगायची, पण राजाला सांगितलेल्या किमतीत सगळा माल विकत घ्यायचा हक्क होता. म्हणजे कमी किंमत सांगितली तर माल हातचा जायचा. इतकी सोपी आणि पक्की तरतूद वाचून मला तो काळ एकदम कळला.

त्या पैशावर दुसऱ्या फ्रेडरिक राजाने १५७४ ते १५८५ या काळात आजचा किल्ला उभा केला. १६२९ मध्ये आग लागली, चौथ्या क्रिश्चनने पुन्हा बांधून घेतला. २००० साली युनेस्कोच्या यादीत आला. आतला ६२ मीटर लांबीचा नृत्यकक्ष जरूर बघा. सामानसुमान काढून टाकलेला, मोठ्या खिडक्यांतून उजेड आलेला तो लांबलचक दिवाणखाना किल्ल्यातल्या बाकी सजवलेल्या खोल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

तळघरात होल्गर डान्स्के बसला आहे, हात छातीशी, ढाल-तलवार जवळ, झोपलेला. डेन्मार्कवर संकट आलं की तो जागा होईल, अशी दंतकथा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या एका भूमिगत गटाने त्याचंच नाव घेतलं होतं. यजमानांना त्यांच्या लहानपणी तो पहिल्यांदा कधी दाखवला, ते विचारा. बहुतेक जणांकडे त्याची आठवण असते. तळघरं अंधारी, ओलसर आणि जमीन खडबडीत आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वर अंगणात थांबलेलं बरं. मोबाइलची टॉर्च जवळ ठेवा.

किल्ला सकाळी उघडताच गाठा आणि दोन तासांत बाहेर पडा. हिवाळ्यात सोमवारी बंद असतो, म्हणून जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ तपासा.

शेजारचं संग्रहालय आणि तरंगमबाडी

किल्ल्याच्या पायथ्याशी सागरी संग्रहालय आहे, पण ते दिसत नाही. कारण २०१३ साली ते जुन्या सुक्या गोदीच्या आत, जमिनीखाली बांधलं. वास्तुरचनाकार ब्यार्के इंगेल्स यांच्या कंपनीची रचना. गोदीचा पोकळ खड्डा तसाच मोकळा ठेवलाय आणि दालनं त्याच्या भिंतींभोवती आहेत. उताराने खाली उतरताना गोदीच्या काँक्रीटच्या भिंती दोन्ही बाजूंनी वर चढत जातात.

मराठी माणसाने इथे तासभर द्यावा, त्याला खास कारण आहे. १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६२० मध्ये ओव्हे गेडे हा दर्यासारंग कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगमबाडीला पोहोचला आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तिथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे १६७५ च्या सुमारास तंजावर शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे आलं आणि डॅनिश वखारीचा वार्षिक खंड भोसल्यांच्या दरबारी जाऊ लागला. तंजावरच्या सरफोजीराजांच्या शिक्षणाची काळजी घेणारा पाद्री श्वार्ट्झ १७५० साली उतरला तोही याच तरंगमबाडीला. १८४५ मध्ये डॅनिशांनी ती वसाहत इंग्रजांना विकली. कोपनहेगनहून भारताकडे निघालेली जहाजं याच सामुद्रधुनीतून, क्रोनबोर्गच्या तोफांसमोरून उत्तर समुद्राकडे जात. बऱ्याच डॅनिश लोकांना त्रांकेबार हे तरंगमबाडीचं त्यांच्याकडचं नाव माहीत असतं, पण तंजावरच्या मराठ्यांची बाजू त्यांनी ऐकलेली नसते. ती तुम्ही सांगा. दिवसभर तेच आपल्याला दाखवत आहेत, इथे आपल्याकडेही त्यांना सांगण्यासारखं काही आहे.

दुपारचं जेवण

डॅनिश माणूस बाराच्या सुमारास जेवतो. बंदराजवळ जुन्या जहाजबांधणी कारखान्याच्या जागी खाद्यबाजार आहे, तिथे शाकाहारी माणसाचंही भागतं. पण यजमानांनी घरी किंवा समर हाउसमध्ये स्म्योरेब्रोड मांडलं असेल तर ते सोडू नका. त्याची रीत आहे, ती नीट सांगतो.

टेबलावर रुगब्रोड, म्हणजे राय धान्याचा काळसर, आंबट, घट्ट पाव पातळ कापून ठेवलेला असतो. वेगवेगळ्या बशांतून लावायचे जिन्नस. पावाचा एक तुकडा घ्यायचा, लोणी अगदी कडेपर्यंत लावायचं, मग त्यावर एकच प्रकार. पहिला मान खारवलेल्या हेरिंग माशाचा, त्यावर कांद्याच्या चकत्या. तो खाऊन झाला की बरेचदा बशी बदलतात, कारण हेरिंगचा वास पुढच्या घासाला लागू द्यायचा नसतो. मग इतर मासे: तळलेला प्लेस नावाचा मासा, वर रेमुलाद नावाचा पिवळा सॉस आणि लिंबू. मग मांसाचे प्रकार, शेवटी चीज. हेरिंग आणि मांस एकाच पावावर चढवू नका, क्रम मोडू नका. सगळं सुरीकाट्याने खायचं, हातात पाव उचलून नव्हे. बशी तुमच्याकडे आली की घ्या आणि पुढच्याला द्या, टेबलावर हात लांबवू नका.

शाकाहारी असाल तर कार्टोफेलमाड मागा. उकडलेल्या गार बटाट्याच्या चकत्या, मेयोनीज (त्यात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या), चाइव्ह नावाची बारीक हिरवी पात आणि तळलेला कुरकुरीत कांदा. अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं आणि टोमॅटो मांडलेला पावही असतो. दोन्ही पोटभरीचे आणि मनापासून आवडावेत असे.

उन्हाळा असेल तर कोल्डस्कोल मिळेलच. ताक, दही, साखर, लिंबू, व्हॅनिला घालून केलेलं गार पेय वाडग्यात घेऊन वर छोटी कडक बिस्किटं चुरडतात. आपल्या गोड, घट्ट मठ्ठ्यासारखं. अंड्याचा बलक घालायची पद्धत आहे, तेवढं विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे आग्रह नाही. "आणखी घेणार?" असं एकदाच विचारतात. आपण सवयीने "नको, नको" म्हणतो, आणि ते बशी खरोखरच बाजूला ठेवतात. तो रुक्षपणा नाही, ते तुमच्या शब्दाला मान देत असतात. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. दारूचंही तसंच. नको असेल तर एकदा नको म्हणा, कोणी कारण विचारणार नाही. पेल्यात पाणी असलं तरी स्कोलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून पेला उचलण्यात, सामील व्हा. पेला उचलायचा, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचं, घोट घ्यायचा, पुन्हा बघायचं, मग खाली ठेवायचा. नजर चुकवू नका, ती रीत मनापासून पाळली जाते.

दुपार: होर्नबेकचा समुद्र

हेल्सिंग्योरहून छोटी स्थानिक गाडी पंचवीस-एक मिनिटांत होर्नबेकला नेते. वाटेत हेलेबेकजवळ किनारा गोट्यांचा आहे, होर्नबेकला पोहोचेपर्यंत पांढरी मऊ वाळू लागते. १८७० च्या दशकात चित्रकार क्रोयर इथल्या कोळ्यांची चित्रं काढायला यायचे. आता कोळी कमी आणि सुट्टीवर आलेली कुटुंबं जास्त.

कोकणात वाढलेल्या माणसाला इथे दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही, पाण्याची पातळी वाऱ्यावर वरखाली होते. आणि पाणी अरबी समुद्रापेक्षा कितीतरी कमी खारट, कारण बाल्टिकचं गोडसर पाणी इथून बाहेर पडतं.

यजमान पाण्यात जाणारच. उन्हाळ्यात पाणी साधारण १७ ते २० अंश असतं, आणि त्याला ते "छान कोमट" म्हणतात. लाकडी धक्क्यावरून शिडीने उतरायचं, मानेपर्यंत बुडायचं, पाच मिनिटांत वर यायचं, टॉवेल गुंडाळून कॉफी घ्यायची. कपडे किनाऱ्यावरच टॉवेलच्या आड बदलतात, त्याकडे कोणी बघत नाही. आईबाबा पाण्यात नुसते पाय घालणार असतील तर तेही ठीक, पण शक्य असेल त्यांनी एकदा बुडी मारावी. तो थंड पाण्याचा झटका आणि नंतर अंगात येणारी ऊब सगळ्यांनी मिळून अनुभवली की बोलण्यातला संकोच एकदम गळून पडतो. माझ्या मते सबंध दिवसातला सगळ्यात डॅनिश अनुभव हाच.

सुरक्षिततेचं मात्र हलक्यात घेऊ नका. लाल-पिवळ्या झेंड्यांमधल्या भागातच पोहा, लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तेव्हा पाणी काचेसारखं शांत दिसतं आणि तेव्हाच फुगवलेली खेळणी आणि त्यावरची मुलं झपाट्याने आत ओढली जातात. अशा वेळी फुगवलेलं काही पाण्यात नेऊ नका. किनाऱ्याच्या वाटांवर हिरव्या पाट्यांवर अक्षर आणि आकडे लिहिलेले असतात. मदतीसाठी ११२ ला फोन लावताना तो क्रमांक सांगितला की तुम्ही नेमके कुठे आहात ते कळतं, म्हणून उतरतानाच त्या पाटीचा फोटो काढून ठेवा. पारदर्शक जेलीफिश निरुपद्रवी असतात, लांब तंतूंच्या लालसर-पिवळ्या जेलीफिशपासून लांब राहा, त्या चांगल्याच डसतात.

डेन्मार्कचा किनारा कायद्याने सगळ्यांना पायी चालायला खुला आहे, किनारा खासगी असला तरी. फक्त घरापासून ५० मीटरच्या आत खासगी किनाऱ्यावर बसायचं किंवा पोहायचं नाही. म्हणूनच यजमान तुम्हाला पाण्याच्या कडेकडेने लांब फिरवून आणतील. चला. या चालण्यात गप्पा होतात. पगार, वय, "लग्न का नाही केलं" हे विषय टाळा. घर, बाग, होडी, आजी-आजोबा यांबद्दल विचारा, आणि शांतता पडली तर ती भरून काढायची घाई करू नका.

हातात वेळ असेल तर गिलेलाये

त्याच छोट्या गाडीने पुढे शेवटचं स्थानक. मासेमारीचं चालतं बंदर आणि झीलंडच्या सगळ्यात उत्तरेकडच्या टोकावरची कड्याची पायवाट. १८३५ च्या उन्हाळ्यात बावीस वर्षांचे तत्त्वज्ञ कीर्केगॉर इथे राहिले होते. त्या वाटेवर त्यांच्या नावाची शिळा आहे. पण गिलेलायेला जायचं ते ऑक्टोबर १९४३ साठी. जर्मन सैन्य डेन्मार्कमधल्या ज्यू लोकांना पकडायला निघालं, तेव्हा सात हजारांहून अधिक माणसांना सामान्य लोकांनी होड्यांतून स्वीडनला पोहोचवलं. त्यातल्या पुष्कळ होड्या याच किनाऱ्यावरून गेल्या. गिलेलायेच्या चर्चच्या माळ्यावर लपलेल्या सुमारे ऐंशी जणांना मात्र गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, पकडलं. यजमान पन्नाशीपुढचे असतील तर त्यांच्या घरात याबद्दल काही ना काही बोललं गेलेलं असतं. चर्चसमोर उभे राहून विचारा आणि ऐका.

पाऊस लागला तर

होर्नबेक सोडा आणि हुमलेबेकला लुईझियाना संग्रहालयात जा. क्नूड येन्सन यांनी १९५८ साली सुरू केलेलं हे आधुनिक कलेचं घर समुद्राच्या कडेला आहे. आधीच्या मालकाच्या तिन्ही बायकांचं नाव लुईस होतं, म्हणून वाड्याचं हे नाव. शिल्पकार जाकोमेत्तीच्या काटकुळ्या पुतळ्यांचं दालन आणि त्यामागची तळ्याकडची खिडकी पावसात विशेष सुंदर दिसते. सोमवारी बंद, मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं.

संध्याकाळ घरी

जेवण सहाच्या आसपास असतं. दारात बूट काढा. अंगणातल्या खांबावर लाल-पांढरा झेंडा चढवलेला दिसला तर तो कदाचित तुमच्यासाठीच असेल, पाहुणे किंवा वाढदिवस असला की झेंडा चढवतात. सूर्यास्तापर्यंत तो उतरवावा लागतो. उतरवताना मदतीला बोलावलं तर त्याचं टोक जमिनीला लागू देऊ नका.

आत मेणबत्त्या लावलेल्या असतील, उजेड असला तरी. बसायची जागा यजमान दाखवतात. पुरुष स्वयंपाकघरात आणि बाई पाहुण्यांशी बोलत बसलेली, असं चित्र आईबाबांना दिसू शकतं. जेवण झालं की उठताना "टाक फॉर मॅड" म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार. उत्तर येईल "वेलबेकॉम". हे वाक्य न म्हणता कोणी टेबल सोडत नाही, अगदी लहान मुलंही नाही. मग आवराआवरीत हात लावा, "पाहुण्यांनी बसून राहावं" असं इथे नसतं. त्यानंतर कॉफी आणि केक. कॉफी झाली, गप्पा ओसरल्या की साडेनऊ-दहाला निघायचं. दारात पुन्हा अर्धा तास बोलत उभं राहण्याची आपली पद्धत आवरती घ्या, दुसऱ्या दिवशी त्यांनाही कामं असतात.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज आणि काढलेले फोटो पाठवा. त्यांच्या मुलांचे फोटो कुठे टाकायचे असतील तर आधी विचारा. पुढच्या वेळी भेटलात, मग ते दोन महिन्यांनी का असेना, तर पहिलं वाक्य "टाक फॉर सिस्ट", म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार. हे विसरलात तर त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आणि त्यांना घरी बोलवा. तेवढ्याच स्पष्टपणे: सुरुवातीची वेळ, साधारण किती वाजेपर्यंत, काय असेल. जेवण साडेआठला वाढायचं असेल तर ते आधीच सांगा, नाहीतर सहापासून ती माणसं उपाशी बसतील. वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी आणि श्रीखंड असं ताट बहुतेकांना पहिल्याच घासाला आवडतं. पिठलं आणि ठेचा बाजूला वाटीत ठेवा, कोणता पदार्थ तिखट आहे ते आधी दाखवा, आणि दह्याची वाटी प्रत्येकाच्या हाताशी असू द्या.